बारा बाय बारा

फैजपुरात कुणाची मोटर उलटी फिरली
की माणूस माझ्याकडे येतो.
तीन तारांतल्या कुठल्याही दोन बदलायच्या, बस.
पाणी वर चढतं, शंभर रुपये खिशात.
तीस वर्षं हेच करतोय,
म्हणून वाटायचं, फेज मला कळतो.

मागची खोली बारा बाय बाराची.
बांधताना गवंड्याला मीच बजावलं होतं,
काटकोन पाहिजे, सुताचा फरक नको.
आवाजाला असली चौकोनी खोली सोसत नाही
हे तेव्हा कोण सांगणार?

रावेरचा डीजेवाला धंदा सोडून केळीच्या ट्रकवर गेला,
त्याच्या दोन पेट्या घेतल्या, अठरा इंची,
कॉइल माझ्या हाताने गुंडाळली.
कोपऱ्यांत कापसाच्या गोण्या, थेट छतापर्यंत,
घुमारा प्यायला.
जिनिंगवाल्या खेमचंद कोल्हेच्या आहेत त्या,
भाव चढला की परत, या बोलीवर.

मधोमध खुर्ची.
आणि एकच रेकॉर्डिंग, माझं मीच धरलेलं:
सातपुड्याच्या पायथ्याशी, भोंगऱ्याच्या बाजारात
एका पावऱ्याचा ढोल,
दोघांनी कवेत घ्यावा एवढा.
तिथे तो माझ्या पोटात वाजला होता.
इथे खुर्चीत बसलो
की काडी कातड्यावर पडल्याची नुसती टपटप.
ढोल कुठेच नाही.

तीन वर्षं अँप्लिफायरला शिव्या दिल्या.

मग एक युक्ती कळली:
पेटीला खुर्चीवर बसवायचं,
आणि आपण रांगायचं, भिंतीभिंतीने,
कान फरशीपासून वीतभर.
जिथे भरून येईल तिथे पेटीची जागा.
वय अठ्ठावन्न, मे महिना,
कूलर बंद, कारण त्याची घरघर मध्ये येते,
गुडघे शहाबादीवर.
प्रमिला दारात.
"काय हारपलं?"
"ढोल."
"तो त माह्या मांडनीत आहे," ती म्हणाली,
"तीन वर्सांचा."

पेटी पुन्हा भिंतीशी नेली,
ढोल चालू ठेवून स्वयंपाकघरात गेलो.
ताटं एकमेकांना लागून किणकिणत होती,
परातीतल्या पिठाला बारीक वलयं.
खोलीभर ढोल होता,
खड्डा फक्त मधोमध,
आणि त्या खड्ड्यात मी खुर्ची टाकलेली.

दुसरी पेटी समोरच्या भिंतीला लावली.
आता दुप्पट येणार.
आलं ते आणखी कमी.
एक हवा पुढे ढकलते
तेव्हा दुसरी मागे ओढते,
आणि मध्ये दोघी एकमेकींना गिळून बसतात.

तारा लगेच नाही उलटवायच्या.
आधी तो खड्डा होईल तेवढा खोल करायचा.
प्रमिला पेटीमागे, बोटं बटणावर,
मी खुर्चीत, डोळे मिटून.
"आता?" कमी.
"आता?" आणखी कमी.
"आता?" थांब, जरा मागे घे.
"आता?"
काहीच नाही! ओरडलो मी, लॉटरी लागल्यागत.
तिला वाटलं, जळालं.
तिथेच राहू दे, म्हटलं,
आणि एका पेटीची लाल काळ्यात, काळी लालमध्ये.

ढोल आला.
आधी मांड्यांना कळला, मग खुर्चीला.
दोन ठोक्यांच्या मध्ये
तो पावरा श्वास घेतो, तोही आला,
आणि कातडं परत ताणलं जाण्याआधीचा
तो ओलसर थांबा.

किती वेळ गेला कोण जाणे.
प्रमिला आली, कोपरापर्यंत पीठ.
"बंद पडलं का?"
तिकडे ताटं गप्प होती.
भिंतीपलीकडे आता काहीच जात नव्हतं.
मी उठून तिला खुर्चीत बसवलं.
दोन मिनिटं ऐकलं तिने, हात मांडीवर उताणे.
"चांगलं आहे," म्हणाली.
उठता उठता म्हणाली,
"मंग पोया लाटताना मले करमीन का आता?"

मोटर असती
तर शंभर रुपये घेऊन निघालो असतो.

सकाळी रावेरला फोन लावला.
तिसरी पेटी आहे का?
आहे, म्हणाला, पण तिच्यात
घड पिकत घातलाय.
पिकू दे, म्हटलं.
पेटी कुणाला देऊ नको.